दारू सोडताना वाटणारी भीती: कुठली खरी, कुठली फुगवलेली

कोकणात दारू सोडायचे मुहूर्त ठरलेले असतात. श्रावणाचा पहिला दिवस, गणपती, दत्तजयंती, नाहीतर ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला तो दिवस. गटारीला पोटभर प्यायची आणि दुसऱ्या सकाळपासून बंद. ज्याचं पिणं आठवड्यातून एखाद्या वेळचं असतं, त्याला यात काही अडचण येत नाही. पण जो दहा-पंधरा वर्षं रोज पितोय, ज्याला सकाळी हाताची थरथर थांबवायला आधी एक नाइन्टी लागते, त्याच्या घरात श्रावणाचे पहिले तीन-चार दिवस वेगळेच जातात. घाम फुटतो, उलट्या होतात, चहाचा कप हातात धरवत नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तिसऱ्या रात्री तो अंगावर नसलेले किडे झटकायला लागतो, पडवीत कुणीतरी उभं आहे म्हणतो, बायकोलाही ओळखत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, बाहेरची बाधा आहे. घाड्याला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, बोलावणं जातं, देवाला कौल लावला जातो.

ही बाधा नसते. रोजची दारू अचानक बंद केल्यामुळे मेंदूत उडालेला तो गोंधळ असतो. वैद्यकात त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. कौल मिळेपर्यंत थांबायला तेवढा वेळ नसतो.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की दारू सोडायला घाबरणाऱ्या माणसाला आपल्याकडे सरसकट नाटकी ठरवतात. 'ज्याला सोडायची तो सोडतो' हे वाक्य पारावर बसलेला प्रत्येक जण म्हणतो, त्यातले निम्मे संध्याकाळी स्वतःही घेणारे असतात. माझं मत वेगळं आहे. घाबरणाऱ्याला घाबरायला कारणं असतात. त्यातलं एखादं अगदी खरं असतं आणि त्याला डॉक्टरच लागतो. बरीचशी भीती मात्र दारूनेच फुगवून ठेवलेली असते. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलं की माणूस गाठोडं उचलतच नाही.

पहिले चार-पाच दिवस

दारू मेंदूला मंद करते. मेंदूत शांत करणारी रसायनं असतात आणि चेतवणारीही असतात. गाबा हे शांत करणारं मुख्य रसायन, ग्लुटामेट हे चेतवणारं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते. रोज रोज असं होत राहिलं की मेंदू आपल्या परीने भरपाई करतो. शांत करणाऱ्या यंत्रणेला तो कमी दाद देऊ लागतो आणि चेतवणारी वाढवतो. दोन गडी दोरखेच खेळताहेत असं समजा. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला मेंदू, दोघंही पाय रोवून ओढताहेत. दारूने अचानक दोर सोडला तर मेंदू मागच्या मागे कोसळणारच. वर्षानुवर्षं ओढायची सवय झालेलं शरीर एका रात्रीत सैल पडत नाही.

त्या कोसळण्याचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं आहे. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ, घबराट सुरू होते. काही जणांना सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान फिट येते. ज्याला आयुष्यात कधी फिट आलेली नाही, त्यालाही येऊ शकते. डिलिरियम बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात सुरू होतं: वेळ-जागेचं भान सुटतं, भास होतात, ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब वाढतात. हे सगळ्यांना होत नाही, शंभरात तीन ते पाच जणांना होतं. पण होणाऱ्यांपैकी उपचार न मिळालेल्यांचं मरण्याचं प्रमाण पूर्वी भयंकर होतं. वेळेत उपचार मिळाले तर ते शंभरात पाचाच्या खाली येतं. पाच ते सात दिवसांत त्रासाचा मुख्य भर ओसरतो.

मग घरी कोणी सोडायची आणि दवाखान्यात कोणी? सकाळी उठल्याउठल्या प्यावी लागते, पूर्वी सोडताना फिट आली होती किंवा भास झाले होते, वय बरंच झालंय, लिव्हरचा किंवा हृदयाचा आजार आहे, दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही चालू आहेत, यातलं एकही लागू असेल तर आपल्या मनाने अचानक बंद करायची नाही. विचित्र वाटेल, पण अशा माणसाला डॉक्टर भेटेपर्यंत 'आजपासून थेंब नाही' असं बजावणं धोक्याचं असतं. ट्रॉलरवर आठ-दहा दिवसांच्या फेरीला जाणाऱ्या खलाशाने हे विशेष लक्षात ठेवावं. 'समुद्रात गेलो की आपोआप सुटेल' हा बेत मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलाय. सोबत नेलेली संपल्यावर दुसऱ्या दिवशी भर समुद्रात फिट आली, तर बंदर गाठायला कित्येक तास जातात आणि होडीवर डॉक्टर नसतो.

दवाखान्यात काय करतात, तेही सांगतो, कारण न दिसणाऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटते. बेन्झोडायझेपिन गटातली औषधं देतात, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम वगैरे. ती दारूसारखीच गाबावर काम करतात, पण डॉक्टरला मात्रा ठरवता येते आणि रोज थोडी थोडी कमी करत आठ-दहा दिवसांत बंद करता येते. दोर एकदम न सोडता हळूहळू सैल करायचा, एवढाच त्याचा अर्थ. 'एक व्यसन सोडवायला दुसरं लावतात' ही तक्रार इथूनच येते. त्यात तथ्य एवढंच, की या गोळ्या पुढे महिनोन्‌महिने स्वतःच्या मर्जीने घेतल्या तर त्यांची सवय लागते. म्हणून त्या चिठ्ठीवर लिहिलेल्या दिवसांपुरत्याच घ्यायच्या आणि शक्यतो घरच्या माणसाच्या हातून.

दुसरं औषध अगदी साधं आहे, बी-वन म्हणजे थायमिन. रोज पिणारा जेवत नाही, जे खातो त्यातलं थायमिनही दारूमुळे आतड्यातून नीट शोषलं जात नाही. (आपल्या उकड्या तांदळात पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा थायमिन जास्त टिकतं. आजीच्या पेजेत शहाणपण होतं, पण बाटली उघडल्यावर पेज कोण पितो!) थायमिन फार कमी झालं की चालताना तोल जातो, डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, गोंधळ होतो, आणि वेळ गेली तर स्मरणशक्ती कायमची अधू होते. गावात अशक्तपणा आला की 'एक सलाइन लाव' म्हणायची पद्धत आहे. ग्लुकोजची सलाइन लावायची असेल, तर पिणाऱ्या माणसाला थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा निदान सोबत द्यावं लागतं, कारण नुसतं ग्लुकोज उरलंसुरलं थायमिनही खर्च करून टाकतं. डॉक्टरला हे ठाऊक असतं. पण हा रोज पितो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. इभ्रतीपायी लपवलेली ती एक गोष्ट इथे महागात पडते.

रत्नागिरीचं नाव काढलं की

तळकोकणात कुणाची थट्टा करायची तर 'याला रत्नागिरीला न्यायला हवा' म्हणतात. १८८६ सालापासून तिथे मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. इतक्या वर्षांत त्या गावाचं नाव टोमण्यात जाऊन बसलं. दारूसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे तोच टोमणा येतो. एकदा आत टाकलं की बाहेर सोडणार नाहीत, नोकरीत कळेल, मुलीच्या लग्नात आडवं येईल.

यातल्या कायद्याच्या बाजूचं उत्तर सरळ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितीचाही समावेश आहे. या कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिलाय, डॉक्टर त्याची माहिती वाटेल त्याला देऊ शकत नाही. स्वतःहून दाखल झालेल्या प्रौढ माणसाने घरी जायचं म्हटलं तर त्याला साधारणपणे सोडावं लागतं. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसत असेल, तर तपासणीसाठी चोवीस तास थांबवता येतं, पुढचे नियम वेगळे आहेत. शिवाय बहुतेकांना मनोरुग्णालयात जावंच लागत नाही. ओरोस, रत्नागिरी, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपर काढायचा आणि इतरांसारखं रांगेत बसायचं. रांगेत ओळखीचं कुणी भेटेल का? भेटेल. कोकणात भेटणारच. पण तुम्ही पिता हे त्याला आधीच माहीत असतं. सगळ्या वाडीला माहीत असतं. तुम्ही उपचार घेता एवढीच काय ती नवी बातमी.

लोकांच्या या भीतीचा परिणाम आकड्यांतही दिसतो. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. बायकांचं पिण्याचं प्रमाण त्याच पाहणीत दीड टक्क्याच्या आसपास आहे, आणि पिणाऱ्या बाईला उपचाराला आणणं तर आणखी कठीण, कारण पुरुषाच्या पिण्यावर गाव हसतं आणि बाईच्या पिण्यावर थुंकतं. त्यात बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिचं नुकसान लवकर होतं.

व्यसनमुक्ती केंद्राचीही भीती असते, मारतात, कोंडतात अशा गोष्टी ऐकलेल्या असतात. अशी केंद्रं नाहीतच असं म्हणणार नाही. म्हणून दाखल करण्याआधी घरच्यांनी एकदा आत जाऊन बघावं, डॉक्टर कोण आणि किती वेळ येतो ते विचारावं, भेटायला देतात का ते विचारावं. 'पंधरा दिवस तोंड दाखवायचं नाही, पैसे आधी भरा' असं म्हणणाऱ्या दारातून परत फिरावं. चांगलं केंद्र कसं असतं, हे महाराष्ट्राला नव्याने शिकायचं नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंची देणगी त्यामागे होती. तिथे येणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात आणि बाहेर पडल्यानंतरच्या फॉलोअपला दाखल होण्याइतकंच महत्त्व देतात.

'वायच घे रे, आज सण आसा'

आता त्या भीतीकडे येऊ, जी डॉक्टरच्या चिठ्ठीत बसत नाही. चार माणसांत बसायचं कसं?

कोकणात दारू नुसती गुत्त्यावर नसते. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतो तो बॅगेतून घेऊन येतो, भजन संपल्यावर मागच्या पडवीत बैठक जमते. बांद्याच्या पलीकडे गोवा, तिथे कर कमी म्हणून स्वस्त, त्यामुळे सिंधुदुर्गात आणून देणाऱ्यांची वाण नाही. बागेतल्या माडाची माडी आहेच. आणि राखणदाराला, म्हणजे जागेचं रक्षण करणाऱ्या देवाला, राखण द्यायची तर कोंबड्याबरोबर बाटलीही ठेवली जाते, 'व्हय महाराजा' म्हणून गाऱ्हाणं झालं की ती वाटली जाते. म्हणजे नाही म्हणायचं ते मित्रालाच नव्हे, भावकीला, मानकऱ्यांना, कधी कधी देवाच्या नावालाही. पुण्या-मुंबईच्या समुपदेशकाने 'मित्र बदला' सांगितलं तर तो सल्ला इथे कुचकामी ठरतो, कारण मित्र म्हणजे चुलतभाऊ आणि त्याचं घर म्हणजे गडग्यापलीकडचं.

तरी वाटा आहेत. एक जुनी वाट म्हणजे माळ. तुळशीची माळ घातली की गाव दारूचा आग्रह करत नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. श्रद्धा असेल त्याने ती जरूर घालावी, त्यात नकाराला प्रतिष्ठा मिळते, शिवाय दिंडी आणि भजनात संध्याकाळ भरून जाते. पण माळ पहिल्या आठवड्याचं काम करत नाही, ते दवाखान्याचंच. दुसरी वाट एक ठरलेलं वाक्य. 'माका डॉक्टरान बंद करूक सांगितल्यान.' बस्स. कारण, लिव्हरचा रिपोर्ट, पश्चात्ताप, काही नाही. जेवढं जास्त सांगाल तेवढे वादाला धागे मिळतात. हे वाक्य घरी चार वेळा मोठ्याने म्हणून बघायचं, कारण बैठकीत ऐन वेळी तोंडात येतं ते सवयीचं. हातात आधीपासून भरलेला पेला असावा, सोलकढीचा, कोकम सरबताचा, कसलाही. रिकामा हात दिसला की भरणारे टपलेले असतात. आणि पहिल्या वर्षी एखादी बैठक चुकवली तर आकाश कोसळत नाही. राखणेला नारळ देऊन हात जोडून परतता येतं. प्रसाद म्हणून पुढे आलेली कपाळाला लावून शेजारच्याला देता येते, असं करणारे आहेत आणि राखणदार त्यांच्यावर कोपल्याचं ऐकिवात नाही.

'दारू सोडली, आता नुसती माडी' हा तोडगा मात्र ज्याला व्यसन जडलंय त्याच्यासाठी नाही. माडी सौम्य असते, पण त्यातही दारूच असते. काही खोकल्याच्या औषधांतही असते, म्हणून दुकानदाराला विचारून घ्यावं.

याच्या मागे आणखी एक भीती दडलेली असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही: पिल्याशिवाय मी कसा असेन? जो नमन-गवळणीला, दशावताराला दोन घोट घेऊन रंगात यायचा, ज्याला चार माणसांत बोलायला तेवढा आधार लागायचा, त्याला वाटतं की आपली मजाच जाईल. सुरुवातीचे काही आठवडे खरंच मजा जाते. हे आधी सांगितलेलं बरं. रोजच्या दारूने मेंदूची आनंद ओळखण्याची यंत्रणा इतकी बधिर झालेली असते की माशाची आमटी, पोराची बडबड, पहिला पाऊस, कशाचंच काही वाटत नाही. माणूस समजतो, सोबर राहणं म्हणजे हेच, आयुष्यभर असंच. तसं नसतं. ही यंत्रणा आठवड्या-महिन्यांनी सावरते. झोप सगळ्यात उशिरा सावरते, काहींना कित्येक महिने तुटक लागते. शरीराकडून मात्र लवकर खुशाली मिळते: नुसती चरबी साठलेलं लिव्हर काही आठवड्यांत बरंच सुधारतं, रक्तदाब उतरतो. उदासी तीन-चार आठवड्यांनंतरही हटत नसेल, तर ती दारूची नसून वेगळा आजार असू शकते, तिच्यावर वेगळे उपचार आहेत. जीव नकोसा वाटला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फोन लागतो, मराठीतही बोलता येतं.

तलफ आणि हंगाम

तलफ म्हणजे काय, हे न पिणाऱ्याला कळत नाही. ती आली की आता प्यायल्याशिवाय सुटका नाही, ती वाढतच जाणार, असं वाटतं. प्रत्यक्षात ती चढते, टोकाला जाते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते, तुम्ही प्यालात तरी आणि नाही प्यालात तरी. प्यायल्यामुळे ती गेली असं वाटतं, कारण आजवर तिला न पिता उतरताना पाहिलेलंच नसतं. म्हणून पहिल्या काही वेळा फक्त घड्याळ बघत बसायचं. त्या वेळात पोटभर खायचं, जागा सोडायची, कुणाला तरी फोन लावायचा. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार वेळी ती जास्त येते. दुपारी जेवण चुकवून संध्याकाळी सहाला नाक्यावर उभा राहणारा माणूस स्वतःहून सापळ्यात चालत जातो.

तलफ कमी करणारी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट. दोन्हींची सवय लागत नाही. लिव्हर आणि किडनी तपासून डॉक्टर त्यातलं निवडतात. अफूच्या जातीची वेदनाशामकं चालू असणाऱ्याला नाल्ट्रेक्सोन देत नाहीत. ही औषधं आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहेत, याचं मला वाईट वाटतं.

एकाच वेळी आयुष्यभराचा विचार केला की कुणाचीही छाती दडपेल. 'म्हणजे पोराच्या लग्नातसुद्धा नाही?' पोरगा अजून तिसरीत असतो! अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रन इथे दोन पिणाऱ्या माणसांनी सुरू केली, त्यातला एक डॉक्टर होता. त्यांनी यावर साधा तोडगा काढला, फक्त आजच्या दिवसापुरतं ठरवायचं. तिथे फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, आणि समोर बसलेला प्रत्येक जण त्याच वाटेवरून आलेला असतो. त्यामुळे 'तुला काय कळणार' हे वाक्य तिथे चालत नाही. जवळ मीटिंग नसेल तर फोनवर आणि ऑनलाइनही होतात.

मच्छीमारांच्या बाबतीत मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या, हातात काम नाही, बाहेर धो धो पाऊस. हेच दोन महिने बंदरावर पिण्याचे असतात. आणि उपचाराला हेच सगळ्यात सोयीचे, कारण दाखल झालं तरी हंगाम बुडत नाही, होडीच्या तांडेलाला उत्तर द्यायचं नसतं. जूनमध्ये दाखल झालेला नारळी पौर्णिमेपर्यंत सगळ्यात कठीण काळ ओलांडून आलेला असतो. थंडीवाऱ्यात दारूशिवाय काम होत नाही, असंही खलाशी म्हणतात. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात म्हणून ऊब जाणवते, पण त्यातून अंगातली उष्णता बाहेर जाते आणि शरीर आतून गार पडतं. गरम चहा आणि कोरडा स्वेटर तिच्यापेक्षा कामाचा.

पुन्हा प्यायलो तर?

सोडून बघितलेल्या माणसाची सगळ्यात मोठी भीती हीच. पहिल्यांदा सोडणाऱ्याला आशा असते. तिसऱ्यांदा सोडणाऱ्याला आधी दोनदा पुन्हा प्यायलो ते आठवतं.

व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण शंभरात चाळीस ते साठ असं सांगितलं जातं. ऐकायला भयंकर वाटतं, पण रक्तदाब आणि दम्याचे रुग्ण औषध-पथ्य सोडून पुन्हा आजारी पडतात त्यांचं प्रमाणही याच्याच आसपास किंवा जास्त आहे. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून कुणी म्हातारीला 'तुझ्यात इच्छाशक्ती नाही' असं म्हणत नाही, डॉक्टरकडे नेतात.

एकदा घसरणं वेगळं आणि पूर्वीसारखं सुरू होणं वेगळं. मधलं अंतर दारू कापत नाही, मन कापतं. अॅलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते उलगडून दाखवलं: न पिण्याचा नियम मोडला की माणूस स्वतःला दोष देतो, 'मी असाच' म्हणतो, आणि त्या लाजेतूनच पुढचा पेला भरतो. आपल्याकडच्या शपथेत हा धोका दुप्पट आहे. देवापुढे नारळ ठेवून घेतलेली शपथ मोडली की नुसता नियम मोडत नाही, पाप लागतं. आता देवाचंच तोंड चुकवायचं म्हटल्यावर डॉक्टरचं आणि बायकोचं चुकवणं सोपं. एका पेल्याचा महिना होतो तो असा. शपथ घेऊच नका, असं मी म्हणणार नाही, लोकांना तिचा आधार वाटतो. पण घेतानाच गाऱ्हाण्यात एक वाक्य जोडावं: चुकून पाय घसरला तर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाईन. ते वाक्य घरच्यांसमोर म्हणावं. घसरण झाल्यावर फोन कुणाला करायचा, ते नाव आधीच ठरवून ठेवावं, तोंडाला वास असताना करता येईल असं नाव.

आणि एक सावधगिरी. महिना-दोन महिने बंद ठेवल्यावर शरीराची पचवायची ताकद उतरलेली असते. पूर्वीची क्वार्टर आता तितकीच राहत नाही. त्या रात्री मोटारसायकलला हात लावायचा नाही.

घरच्यांची भीती

बायको रात्री उठून उशीखाली हात घालते, घरात शिरल्याशिरल्या वास घेते. तो चिडतो, 'दोन महिने थेंब नाही आणि अजून विश्वास नाही.' दोघांचंही बरोबर असतं. तिने पंधरा वर्षं जे बघितलं ते दोन महिन्यांत पुसलं जात नाही. सोबर झालेल्या माणसाला इथे आणखी एका गोष्टीचा धक्का बसतो: दारू गेली तरी सोसायटीचं कर्ज, भावाशी तुटलेलं बोलणं, गहाण पडलेली बांगडी सगळं तिथेच असतं, आणि आता ते स्पष्ट दिसतं. यातलं सगळं पहिल्याच महिन्यात निस्तरायला जाऊ नये. पहिल्या महिन्याचं काम एवढंच की प्यायची नाही, जेवायचं, झोपायचा प्रयत्न करायचा आणि फॉलोअपला जायचं.

घाबरलेल्या घरातून एक घातक उपायही केला जातो. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर असतात, आणि चहात-आमटीत गुपचूप पूड मिसळली जाते. तिच्यात काय आहे हे घरच्यांना माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं औषध असेल, तर ते दारू पचवणारं एक एन्झाइम बंद पाडतं. त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो, हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हे औषध वाईट नाही, पण रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायचं असतं. न सांगता देणं म्हणजे विष घालण्याचाच प्रकार, आणि कळल्यावर त्या घरात विश्वास म्हणून काही उरत नाही.

तो उपचाराला तयार नसेल तर घरच्यांनी स्वतःसाठी मदत घ्यावी. १९५१ पासून चालत आलेली अल-अॅनॉन ही संघटना पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीच आहे. जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ आधी एकट्या बायकोशी किंवा आईशीही बोलतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन रुग्णानेच करायला हवा असं नाही. बोलताना पाच गोष्टी हाताशी असू द्या: रोज किती आणि काय पितो, किती वर्षं, सकाळी लागते का, पूर्वी बंद केल्यावर फिट किंवा भास झाले होते का, आणि सध्या कुठली औषधं चालू आहेत. त्याने आजच्या आजच बंद केली असेल, तर हे सांगायला उद्यापर्यंत थांबू नका.